सतरा नंबरची हजेरी

काजवाल्या मावशीचा दावा बुडाला असता तर मला अठ्ठ्याण्णव हजार मिळणार होते, आणि ते माझेच होते. सात महिन्यांचा थकलेला पगार, महिना चौदा हजार. मावशीचे अडकले होते नव्व्याण्णव : अकरा महिने, महिना नऊ. मालकांनी दोन्ही आकडे एका कागदावर एकाखाली एक लिहिले आणि कागद माझ्याकडे सरकवला.

"हिशेबनीस, गल्ल्यात यातलं एकच माणूस मावतं. कोण ते तुम्ही ठरवा."

मला ठरवायला फार वेळ लागला नाही. घरी चिंगीच्या शाळेची दोन सत्रांची फी राहिली होती आणि घरवाली वाण्याच्या दुकानावरून जाताना पलीकडच्या फुटपाथने जायला लागली होती. शिवाय मालकांचा स्वभाव मला ठाऊक होता. ते कुणाचं देणं नाकारत नसत. दोन घेणेकऱ्यांची कुस्ती लावायचे आणि स्वतः तिकीट न काढता बघायचे.

आमचा कारखाना कोटांचा. हॉटेलांचे दरवान, बँडवाले, बोटींवरचे वाढपी, अशांचे कोट. लोखंडी जिना चढून पहिला मजला, उत्तरेकडे सहा खिडक्या. कापडाचा रंग उत्तरेच्या उजेडात खरा दिसतो म्हणतात. वाफेच्या इस्त्र्यांमुळे काचा कायम घामेजलेल्या, आणि हवेत ओल्या लोकरीचा वास, ओल्या कुत्र्याच्या जवळपासचा. मधोमध कापड बेतायचं लांब टेबल, तिथे मास्तर. मशिनींवर चौदाजण. आणि शेवटच्या खिडकीशी एका स्टुलावर सतरा नंबर, म्हणजे मावशी.

मशिनीचं काज मिनिटात होतं, पण भारी कोटाला हाताचं लागतं. कापड चिरायचं, कडेला जाड दोरा धरायचा आणि त्यावरून मेण लावलेल्या रेशमाने टाक्याला टाका खेटून घालत जायचं. एका काजाला वीस मिनिटं, दिवसाला चोवीस काजं. मावशीने एकतीस वर्षं तेवढंच केलं. ती डावखुरी होती, त्यामुळे तिचे टाके उलट्या अंगाला कललेले असत. मास्तर म्हणायचे, "हजार कोटांत मिसळा, मावशीचं काज मी डोळे मिटून बोटाने ओळखीन."

"पुढच्या महिन्यात एकदम देतो," हे मालकांनी तिला अकरा वेळा सांगितलं. बाराव्या वेळी तिने सगळ्यांदेखत मागितले. दुसऱ्या दिवशी तिचं स्टूल जिन्याखाली ठेवलेलं होतं. जा असं तिला कुणी म्हटलं नाही. दोन दिवस ती खिडकीशी उभ्याउभ्याच काजं करत राहिली, तिसऱ्या दिवशी दुपारी सुई उशीत खोचली आणि पिशवी उचलली. जाताना माझ्या टेबलाशी थांबली.

"दादा, आजचा अर्धा दिवस मांडलास ना?"

"मांडला, मावशी."

मांडला नव्हता.

तीन आठवड्यांनी कामगार न्यायालयाची नोटीस आली. मालकांचे वकील मांडीवर फाईल ठेवून माझ्याच खुर्चीत बसले.

"बाईंना काढलंय, हे मान्यच करायचं नाही," ते म्हणाले. "बाई रोज कामावर येतात, दर शनिवारी रोख पगार घेतात, सही करतात. मग दावा कसला? तुमचं हजेरीपुस्तक काय म्हणतं?"

"मी म्हणेन ते म्हणतं," मी म्हणालो.

"मग त्याला नीट पढवा," वकील म्हणाले.

या कामाचा मला थोडा अभिमान आहे, लपवून काय करायचं. तीन निरनिराळी पेनं घेतली. तीन आठवड्यांच्या हजेऱ्या एका बैठकीत लिहिल्या, पण कुठे शाई फिकट ठेवली, कुठे चहाचा थेंब पाडला, एका गुरुवारी मावशीला वीस मिनिटं उशीर करवला. खोटं सारखेपणात सापडतं, म्हणून काजांचे आकडेही हलते ठेवले, तेवीस, पंचवीस, चोवीस. सह्या मावशीसारख्याच, डावीकडे कललेल्या. मागचं झालं तेव्हा वकील म्हणाले, आता तारखेपर्यंत रोजचं रोज लिहीत चला, पुस्तक चालतं दिसलं पाहिजे. त्या सोमवारपासून मी रोज सकाळी इतरांच्या हजेरीबरोबर सतरा नंबरची हजेरीही लिहायला लागलो.

गुरुवारी मास्तर एक कोट हातावर टाकून आले. मावशी गेल्यापासून हाताच्या काजांचे कोट फडताळात नुसते साठत होते.

"भाऊ, ही काजं कुणी केली?"

"तुम्हीच सांगा. तुम्ही तर डोळे मिटून ओळखता."

मास्तर हसले नाहीत. त्यांनी माझं बोट धरून काजावरून फिरवलं. टाके उलट्या अंगाला कललेले होते, मेण अजून बोटाला चिकटत होतं.

फडताळातले कोट आम्ही दोघांनी मोजले. आदल्या दिवसाच्या संध्याकाळपर्यंतची काजं बहात्तर. मी टेबलावर येऊन पुस्तक उघडलं. सोमवार चोवीस, मंगळवार पंचवीस, बुधवार तेवीस.

मी भुताखेतांचा माणूस नाही. कारखान्याच्या दोन किल्ल्या, एक मालकांकडे, एक माझ्याकडे. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम एकतीस लिहिले. संध्याकाळी मोजले, एकतीस. शनिवारी सतरा नंबरपुढे 'गैरहजर' लिहिलं, तर दिवसभरात एकही काज झालं नाही. सोमवारी मास्तर अंगठ्याने बोटातलं शिवणाचं टोपण चोळत फडताळासमोर स्टूल घेऊन बसले. ते म्हणाले, टाका पडताना काही दिसत नाही. एका कोटावर नजर ठेवली की शेजारच्या कोटावर होतं. चार वाजेपर्यंत सतरा झाली होती. मंगळवारपासून मास्तरांनी आपलं टेबल फिरवून घेतलं आणि फडताळाकडे पाठ करून काम करायला लागले.

जमाखर्च जुळला की मी सहसा खोलात जात नाही. इथे रोज जुळत होता. जमा कुठून येते तेवढं दिसत नव्हतं.

तीन आठवडे मी कुणाला बोललो नाही. मग मालकांना सांगितलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून काज पाहिलं, नखाने खरवडून पाहिलं.

"याची मजुरी?"

"लिहिलीय. दिलेली नाही."

"म्हणजे फुकट."

"तसंच म्हणायचं तर तसंच."

"मग चोवीसात काय अडकून पडलात?" मालक म्हणाले. "चाळीस लिहा."

मी चाळीस लिहायला लागलो. कधी अडतीस, कधी बेचाळीस, सवयीने. बाजारात हाताच्या एका काजाला साठ पडतात. मालक मला त्या महिन्यात दोनदा "बसा" म्हणाले.

तारखेच्या दिवशी मी सकाळी थेट न्यायालयात गेलो. लांब व्हरांडा, गुळगुळीत झालेली बाकं, भिंतीवर माणसांच्या डोक्यांच्या तेलाचा एक लांबलचक पट्टा. आत न्यायाधीश बाई होत्या, पन्नाशीच्या, सर्दी झालेल्या. मावशी दिसली नाही. तिची मुलगी होती, पंचविशीची, चष्म्याच्या दुकानात काम करणारी, आणि तिची वकीलबाई.

मी शपथ घेतली. पुस्तक मीच लिहितो म्हणालो. सतरा नंबर रोज हजर असतात म्हणालो.

"काल?" वकीलबाईंनी विचारलं.

"काल हजर होत्या. चाळीस काजं केली."

"तुम्ही पाहिलंत?"

"काजं पाहिली."

वकीलबाईंनी एक कागद वर दिला. न्यायाधीश बाईंनी तो वाचला, रुमालाने नाक पुसलं, पुन्हा वाचला आणि माझ्याकडे करून धरला. दवाखान्याचा दाखला होता. मावशीला जाऊन सात आठवडे झाले होते.

 वर पंखा फिरत होता. मग मालकांच्या वकिलांनी घसा साफ करून पुढची तारीख मागितली आणि ती मिळाली.

बाहेर बाकावर मुलगी माझ्या शेजारीच येऊन बसली. भांडायला आली असेल असं मला वाटलं.

"काका, हिशेबनीस तुम्हीच ना? आई तुमच्याबद्दल सांगायची."

"काय सांगायची?"

"की आकडा चुकवत नाहीत. चुकला तर मुद्दाम." ती हे चिडून म्हणाली नाही. तिने डावा हात मांडीवर उताणा ठेवला. बोटांची टोकं बारीक बारीक टोचलेली होती, चाळणीसारखी. "आज शांत आहे हा. रविवार सोडला तर किती दिवसांनी."

मी विचारलं नाही. तिनेच सांगितलं. काउंटरवर बसल्या बसल्या हात चालायला लागतो. हातात सुई नाही, दोरा नाही, नुसती हवा. तरी टोचतं आणि रक्त येतं. मधला वेळ आठवत नाही. गिऱ्हाईक समोर उभं असतं आणि ती शिवत असते. दुकानदाराने दोन महिने सांभाळून घेतलं, मग घरी पाठवलं.

"मला बटणसुद्धा लावता येत नाही, काका. आणि मी उजवी आहे."

"कधीपासून?"

तिने तारीख सांगितली. मी रोजची हजेरी लिहायला लागलो त्या सोमवारची होती.

"आई तेव्हा होती?"

"दवाखान्यात होती. तिचे हात चादरीवर नुसते पडलेले. माझ्या हाताकडे बघत राहायची. म्हणाली, अगं, हे माझे टाके आहेत, तू का घालतेस? नवव्या दिवशी गेली." मुलीने हात मिटला. "मला वाटलं, ती गेल्यावर थांबेल."

मी कारखान्यात परतलो तेव्हा पाच वाजत आले होते. पुस्तक टेबलावर होतं. सतरा नंबरपुढची त्या दिवसाची जागा कोरी होती.

मालक आले. चिडलेले नव्हते, आणि त्याचीच मला धास्ती वाटली.

"दावा जाईल असं दिसतंय," ते म्हणाले. "जाऊ दे. चारशे कोटांचं काम आलंय, पाच आठवड्यांत द्यायचं. ते पुरं करून द्या, तुमचे अठ्ठ्याण्णव मी देतो. दावा हरलो तरी."

"मालक, तिची मुलगी..."

"मुलीचा काय संबंध? पुस्तकात मुलगी आहे?"

नव्हती.

"उद्यापासून साठ लिहा. आणि आजचं राहिलंय वाटतं."

मी त्या दिवसाचे चाळीस पाच वाजून दहा मिनिटांनी लिहिले. लिहिताना मला तो मिटलेला हात दिसत होता. आकडा चांगला आला, शून्य गोल.

साठ काजं म्हणजे वीस तास. मी तोंडी हिशेब केला, पेनही उचलावं लागलं नाही. चोवीसातून तिला चार उरत होते.

पंचवीस दिवस साठ लिहिले.

एकदा मी सकाळी पंचेचाळीस लिहिले. मालकांनी दुपारी स्वतः येऊन खोडून साठ केले आणि खाली छोटी सही केली. संध्याकाळी साठच झालेली होती. मग मी मनाला लावून घ्यायचं सोडून दिलं. आकडा कुणीही लिहिला तरी चालत होता, म्हणजे माझाच हात लागतो असं नव्हतं. त्या विचाराने मला चक्क झोप लागायला लागली.

दुसऱ्या तारखेला मुलीला दोघींनी धरून आणलं. ती उभी होती, डोळेही उघडे होते, पण हाक मारली की फार लांबून यायची. डावा हात चिमटीत सुई धरल्यासारखा मिटलेला. डॉक्टर म्हणाले होते, आता तो असाच राहील.

निकाल छोटा होता. मालकांनी स्वतःच्याच पुस्तकात बाईंना कामावर धरलं आहे, सबब अकरा महिन्यांचं वेतन द्यावं. वर वीस हजार दंड. एकूण एक लाख एकोणीस हजार, तीस दिवसांत. मृत्यूनंतरच्या हजेऱ्यांबद्दल विचारलं तेव्हा मालकांनी माझ्याकडे हात केला.

"हिशेबनिसांचं काम. मला अक्षरही लागत नाही त्यांचं."

मुलीने उजव्या हाताने सही करून धनादेश घेतला. तिला वाटलं होतं आईचे पैसे मिळाले की हात सुटेल. सही झाल्यावर ती हाताकडे बघत राहिली.

तिच्या नावावर, म्हणजे तिच्या आईच्या नावावर, मी रेघ मारली ती त्या दिवशी नव्हे. चार दिवसांनी, चारशेवा कोट बांधला गेला तेव्हा.

दुसऱ्या सकाळी कामावर गेलो तर माझी खुर्ची जिन्याखाली होती.

मालक वरून म्हणाले, "तुमचे अठ्ठ्याण्णव नुकसानभरपाईत वळते केले. बाकी तुम्हाला जा असं कुणी म्हटलेलं नाही."

मी दावा लावला. त्याच वकीलबाईंकडे गेलो.

"तुम्ही?" त्या म्हणाल्या, आणि फी आधी मागितली. घरवालीने बांगड्या काढून दिल्या. "एवढे अठ्ठ्याण्णव आले की फी भरू, मगच चिंगीच्या शाळेत तोंड दाखवू," ती म्हणाली. तिने दोन वेळा बोटांवर हिशेब केला, कुठे किती जातील याचा. काही उरत नव्हतं, पण काही बाकीही राहत नव्हतं.

काल पहिली तारीख झाली. मालकांची कैफियत त्यांच्या वकिलांनी वाचली. हिशेबनिसांना काढलेलंच नाही. ते रोज कामावर येतात, दर शनिवारी रोख पगार घेतात. नवीन हिशेबनीस शपथेवर उभा राहिला, पोरगेला, नीटनेटका भांग पाडलेला. हजेरीपुस्तक पुढे आलं. माझं नाव, बेचाळीस दिवस हजर, रोज एकशे चाळीस नोंदी. शाई कुठे फिकट, कुठे गडद. काम बरं होतं.

मग त्यांनी रोजकीर्द, रोजच्या जमाखर्चाची वही, पुढे ठेवली. नोंदी होत्या. अक्षर माझं होतं.

कुठल्याही दिवसाचा मधला वेळ आठवत नाही, असं माझं झालं नव्हतं. माझे हात माझ्याच ताब्यात होते. मी वकीलबाईंना तसं सांगितलं आणि सांगतासांगताच थांबलो.

गेल्या महिन्यात घरवाली म्हणाली होती, "अहो, चिंगी शाळेतून आली की खिडकीशी बसते ती उठतच नाही. हाक मारली तरी बघत नाही. बोट नुसतं चालत असतं फळीवर."

"खेळत असेल," मी म्हणालो होतो.

"हो," ती म्हणाली होती. "पण त्या बोटाचं कातडं गेलंय."

चिंगी सहा वर्षांची आहे.

व्हरांड्यात मालक चहा पीत उभे होते. मला पाहून त्यांनी दुसरा कप मागवला.

"दावा मागे घ्या, हिशेबनीस. उद्यापासून गैरहजर लिहायला सांगतो. मी काय वाईट माणूस आहे?"

"आणि माझे अठ्ठ्याण्णव?"

"ते कसे मिळतील? दावा मागे घेतल्यावर?"

मी म्हणालो, संध्याकाळपर्यंत सांगतो.

वकीलबाईंच्या मते केस चांगली आहे. अजून दोन तारखा, फार तर तीन. मधे सहा-सहा आठवडे.

घरी येऊन मी हिशेब मांडला. मालकांनी एक लाख एकोणीस हजार भरले, त्यातले अठ्ठ्याण्णव माझे. म्हणजे खिशातून गेले एकवीस हजार. त्याबदली काजं तीन हजार एकशे ऐंशी, बाजारभावाने एक लाख नव्वद हजार आठशे. मावशीच्या मुलीने डावा हात भरला. मास्तरांनी काही भरलं नाही, त्यांनी पाठ केली होती. मी अजून काही भरलेलं नाही, आणि जिंकलो तर मला अठ्ठ्याण्णव येणं आहे. चिंगीच्या खाती कालपर्यंत पाच हजार आठशे ऐंशी नोंदी, पुढे रोज एकशे चाळीस.

दावा मी मागे घेतलेला नाही.

न्यायालयात ती रोजकीर्द मला तासभर तपासायला दिली होती. चूक सापडली असती तर पुस्तक खोटं ठरवता आलं असतं, म्हणून मी पानोपानीच्या बेरजा करून पाहिल्या, सहा आकडी, हातच्यांसकट. एकही चुकलेली नव्हती. चिंगीला शाळेत अजून वीसपर्यंतच शिकवलंय.